कवळाण्याचा गोपाळ: आधी स्वतःचा कारभार



गेल्या काही सत्संगांत एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतंय. हजिरा रोडवर पाळीत काम करणारे दादा म्हणतात की दिवस कसा संपतो ते कळतच नाही. घरचं बघून वर शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणतात की सगळ्यांचं वेळेवर होतं, आपलंच राहून जातं. मुलं म्हणतात की अभ्यासाला बसलं की हात आपोआप फोनकडे जातो. प्रश्न तसा एकच आहे. वेळ आपला, पैसा आपला, झोप आपली, राग आपला, मग यातलं काहीच आपल्या ताब्यात का राहत नाही?

सद्गुरूंचं आपल्याला नेहमी सांगणं असतं की नुसता उपदेश ऐकून अंगी लागत नाही, एखादा जगलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. म्हणून आज आम्ही एका माणसाचं आयुष्य तुमच्यासमोर ठेवतोय. आपल्यातली बरीच कुटुंबं नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी गुजरातेत आली. हा माणूसही तिकडूनच इकडे आला, दीडशे वर्षांपूर्वी. नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय: *बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड*. पण आज राजाची गोष्ट कमी सांगणार आहोत. स्वतःचा कारभार बघायला शिकलेल्या एका मुलाची गोष्ट जास्त सांगणार आहोत. आणि त्यांना जे जमलं नाही, तेही सांगणार आहोत. घरात सगळ्यांनी मिळून वाचा.

🌼 *गुरं, शेत आणि एकदम राजवाडा*

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथे काशीराव गायकवाड नावाचे शेतकरी राहत. गायकवाड घराण्याची ती एक लांबची शाखा, पण नाव सोडलं तर राजेपणाचं घरात काही नव्हतं. शेती, गुरं, पाऊस-पाणी, एवढंच जग. १८६३ साली त्यांच्या घरी मुलगा झाला, त्याचं नाव गोपाळ.

तिकडे बडोद्यात मल्हारराव महाराज गादीवर होते. सोन्याच्या तोफा ओतून घेणारे हे राजे. राज्याचा कारभार मात्र पार विस्कटला होता. १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. मग घराण्याच्या शाखांमध्ये मुलगा शोधणं सुरू झालं आणि कवळाण्याहून आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव असे तिघे भाऊ बडोद्याला नेले गेले. इथे कशाला आलात असं विचारल्यावर गोपाळने राज्य करायला आलोय असं सरळ सांगितलं, अशी गोष्ट आजही सांगतात. खरं-खोटं काहीही असो, निवड झाली ती गोपाळची. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक गेला आणि त्याचं नाव सयाजीराव ठेवलं गेलं.

बघा मंडळी, वय बारा. अक्षरओळख नाही. कालपर्यंत शेतात हिंडणारं पोर, आज अंगावर जरीचे कपडे आणि मागेपुढे नोकर. आईवडील, गाव, बोली, जेवण, सगळं एका दिवसात सुटलं. आपल्यातले कितीतरी जण असेच लहान वयात गाव सोडून आलेत, त्यांना यातला तुटलेपणा सांगायला नको. फरक एवढाच की आपण कामाला लागलो आणि त्याला सुखात बसवलं. आणि सुखात बसवलेल्या पोराचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही. त्याच्याआधीच्या महाराजांचं काय झालं ते सगळ्या बडोद्याने नुकतंच पाहिलं होतं.

🌼 *वेळापत्रकाची सहा वर्षं*

हे वाटोळं झालं नाही, याचं पहिलं श्रेय तीन माणसांना. एक राणी जमनाबाई. दुसरे दिवाण सर टी. माधवराव. तिसरे इलियट नावाचे इंग्रज शिक्षक, जे १८७५ च्या शेवटी बडोद्याला आले. या मंडळींनी मुलासाठी शाळाच उभी केली आणि त्याच्या दिवसाचे तास ठरवून टाकले. सकाळी तालीम, घोडेस्वारी, मेहनत. मग दिवसभर अभ्यास. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, शिवाय गणित, इतिहास, भूगोल. बारा वर्षांपर्यंत पाटीला हात न लावलेल्या मुलासाठी हे किती अवघड असेल, विचार करा. दुसरी मुलं ज्या वयात पुस्तकं वाचत होती, त्या वयात हा बाराखडी गिरवत होता.

पुढे माधवरावांनी त्याला राज्यकारभाराचे धडे दिले. राजाने वागावं कसं, वेळ कसा वापरावा, खुशामत करणाऱ्यांपासून लांब कसं राहावं, खर्च कसा आवरावा, असे त्यांचे विषय असत. ही व्याख्यानं पुढे पुस्तकरूपानेही छापली गेली. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हातात राज्याची सगळी सूत्रं आली.

आता इथे थोडं थांबू या. इथपर्यंतची शिस्त त्यांची स्वतःची होती का? नव्हती. ती इतरांनी लावलेली होती. उठवणारा कुणीतरी होता, शिकवणारा होता, ओरडणाराही होता. अशी शिस्त आपल्यालाही मिळालेली असते, शाळेची घंटा, कंपनीचं पंचिंग, वडिलांचा धाक. घंटा वाजायची थांबली की आपण काय करतो, तिथे माणूस कळतो. सुट्टीच्या दिवशी आपण किती वाजता उठतो, यावरून ज्याने त्याने आपलं बघावं! 😊

🌼 *विचारणारं कुणी नसताना*

अठराव्या वर्षी सयाजीराव मालक झाले. आता त्यांना अभ्यासाला बस म्हणणारं कुणी राहिलं नाही. राजवाड्यात करमणुकीला तोटा नव्हता, शिकार होती, कुस्त्या होत्या, गाणं-बजावणं होतं. त्यांना कुस्तीची, खेळांची आवड होतीच. पण त्यांनी शिक्षण बंद केलं नाही. कारभार बघता बघता ते वाचत राहिले, जाणकारांकडून शिकत राहिले, आणि वाचलेल्याची टिपणं काढत राहिले. आयुष्यभर.

याचा एक पुरावा फार बोलका आहे. गिबन नावाच्या इंग्रज इतिहासकाराचा रोमन साम्राज्याच्या पडझडीवरचा मोठा ग्रंथ आहे, अनेक खंडांचा. इंग्रजी चांगलं येणाऱ्यालाही तो दमवतो. सयाजीरावांनी तो अभ्यासला, त्याची टिपणं काढली, आणि १८९६ मध्ये ती टिपणं पुस्तक म्हणून छापली गेली. बाराव्या वर्षी अ-आ-इ शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा तेहतिसाव्या वर्षी साम्राज्यं का बुडतात याचा अभ्यास छापतो. यात चमत्कार काही नाही. रोजचा थोडा वेळ, तोही वर्षानुवर्षं न चुकता. आम्हाला तर यात जपमाळेसारखंच काहीतरी दिसतं. एका मण्याने काय होतं? पण बोट थांबलं नाही की माळ पूर्ण होते.

वाचनाचं मोल त्यांना स्वतःला उशिरा कळलं होतं, म्हणूनच बहुधा ते इतरांना लवकर मिळावं असा ध्यास त्यांनी घेतला. अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये तिथले ग्रंथपाल बॉर्डन यांना बडोद्याला आणलं. मग राज्यभर ग्रंथालयं उभी राहिली, आणि जिथे ग्रंथालय नाही त्या खेड्यात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या. आपलीच मराठी भाषा त्यांनी कधी सोडली नाही. १९३२ मध्ये कोल्हापूरला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गुजरातेत राहून गुजराती प्रजेशी गुजरातीत आणि घरच्यांशी मराठीत. आपल्या मुलांनाही हे सांगा.

🌼 *शरीर आणि मन थकतं तेव्हा*

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस लोखंडाचा होता. नव्हता हो. सतराव्या वर्षी, १८८० मध्ये, त्यांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, सासरचं नाव चिमणाबाई. त्यांना दोन मुली झाल्या, त्या लहानपणीच गेल्या. १८८३ मध्ये मुलगा झाला, फत्तेसिंगराव. आणि १८८५ मध्ये चिमणाबाई क्षयाने गेल्या. बावीस वर्षांचा राजा, पदरात दोन वर्षांचं लेकरू, डोक्यावर सगळं राज्य. बडोद्याला गेलात तर रावपुऱ्यात चिमणाबाईंच्या आठवणीसाठी बांधलेला घड्याळाचा टॉवर बघा, तो १८९६ चा.

या काळात सयाजीरावांची झोप उडाली. कामाचा ताण, दुःख, आणि प्रत्येक गोष्टीत स्वतः लक्ष घालायची सवय, यांनी तब्येत बिघडली. निद्रानाश त्यांना पुढेही बरीच वर्षं छळत राहिला. १८८७ मध्ये वैद्यकीय सल्ल्यावरून ते पहिल्यांदा युरोपला गेले, आणि नंतर पुन्हा पुन्हा जात राहिले. राजा सारखा परदेशी असतो अशी टीका झाली, प्रजेतही आणि इंग्रज सरकारातही. त्या टीकेत तथ्य नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. राजवाडाही त्यांनी लहान बांधला नाही. लक्ष्मीविलास पॅलेस १८९० मध्ये पूर्ण झाला आणि तो किती भव्य आहे ते तुम्ही पाहिलं असेलच. ते संन्यासी नव्हते.

पण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, शरीर बोलायला लागल्यावर त्यांनी ते ऐकलं. आपण काय करतो? पाळीवर पाळी, ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम, आणि डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी. डॉक्टरकडे जातो ते अगदी आडवं झाल्यावर. दुसरी, आपण नसतानाही काम चालावं अशी व्यवस्था त्यांनी लावली. दिवाण आणि कौन्सिल यांच्याकडे कारभार सोपवला. हे सोपं नसतं. मलाच सगळं कळतं, माझ्याशिवाय होणार नाही, असं वाटण्यात एक गोड अहंकार असतो. घरात वहिनींना वाटतं, दुकानात दादांना वाटतं. तो अहंकार सोडला की झोपही थोडी परत येते.

🌼 *खुर्चीवरून दिसत नाही ते*

राज्य हातात आल्यावर सयाजीराव आपल्या मुलखात फिरले. आपल्या भागाशी याचा थेट संबंध आहे. सुरत शहर तेव्हा इंग्रजांचं, पण आजूबाजूला नवसारी, गणदेवी, पलसाणा, कामरेज, व्यारा, सोनगढ हा सगळा मुलूख बडोद्याचा. सोनगढचा किल्ला म्हणजे तर गायकवाडांचं जुनं ठाणं. आपण भुसावळच्या गाडीने गावी जातो तेव्हा व्यारा, सोनगढ मागे टाकून नवापूरला लागतो, तोच हा भाग.

तिथल्या जंगलात राहणाऱ्या आदिवासी समाजाची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मुलांना शिकवणारं कुणी नाही, आणि शाळा असली तरी पाड्यावरून रोज येणं शक्य नाही. १८८५ मध्ये सोनगढला या मुलांसाठी वसतिगृह सुरू झालं. राहायची, जेवायची, शिकायची सोय एका ठिकाणी. तारीख नीट बघा मंडळी. चिमणाबाई गेल्या तेच हे वर्ष. घरात अंधार असताना बाहेर कुणाच्या तरी घरात दिवा लावायचं काम थांबलं नाही.

तसंच छप्पनियाचं. संवत १९५६ चा तो दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००. इथल्या गुजराती शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्या घरात अजून त्याच्या गोष्टी निघतात. माणसं आणि गुरं हजारोंनी मेली. सयाजीराव दुष्काळी भागात फिरले आणि काय दिसलं, काय करायला हवं, याची टिपणं त्यांनी लिहून काढली. ती १९०१ मध्ये छापलीही गेली. लिहून काढण्याची ही सवय आम्हाला फार महत्त्वाची वाटते. डोळ्यांनी पाहिलं की मन हलतं, पण आठवड्यात विसरतं. कागदावर उतरलं की ते काम होतं.

🌼 *घाई आवरणं*

स्वतःला आवरणं म्हणजे आळस आवरणं, असं आपण समजतो. घाई आवरणं हाही त्याचाच भाग आहे, आणि तो जास्त अवघड आहे.

सयाजीरावांना वाटत होतं की राज्यातल्या प्रत्येक मुलामुलीने शाळेत जावं, फुकट आणि सक्तीने. राजा होते, एका हुकुमाने सगळीकडे लागू करता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. १८९३ मध्ये फक्त अमरेली आणि आसपासची थोडी गावं निवडली. तिथे शिक्षक किती लागतात, पालक का अडवतात, खर्च किती येतो, हे सगळं पाहिलं. तेरा वर्षं पाहिलं! मग १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. इच्छापोरच्या हिरे कारखान्यांत आपल्या शेजारी बसणारे कितीतरी रत्नकलाकार अमरेलीकडचे आहेत. त्यांच्या पणजोबांच्या गावातून हे सुरू झालं.

आपण मात्र एक जानेवारीला ठरवतो की उद्यापासून पाचला उठणार, साखर बंद, फोन बंद, रोज एक तास व्यायाम. पाच तारखेला सगळंच बंद. 😊 एक छोटी गोष्ट, एकाच जागी, जमेपर्यंत. मग पुढची. हा अमरेलीचा धडा.

🌼 *पैसा: आपला आणि दुसऱ्याचा*

जुन्या काळी राजाची तिजोरी आणि राज्याची तिजोरी यांत फरक नसे. बडोद्यात राजाच्या घरखर्चाचं खासगी खातं वेगळं आणि राज्याचा खर्च वेगळा, असा हिशेब राहिला. उधळणाऱ्या राजाच्या गादीवर बसलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट. आपल्यातल्या छोट्या व्यावसायिकांनी हे नक्की मनावर घ्यावं. दुकानाच्या गल्ल्यातून घरची भाजी आणि घरच्या पैशातून दुकानाचा माल, असं झालं की धंदा चालतोय की बुडतोय हेच कळत नाही.

२० जुलै १९०८ रोजी बडोद्यात बँक सुरू झाली, तीच आजची बँक ऑफ बडोदा. आपल्यापैकी कितीतरी जणांचा पगार तिथे जमा होतो. त्याआधी १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं, हाताला हुन्नर देणारी शाळा. ते उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर हे आपल्या सुरतचेच. आणि १९१३ मध्ये एका हुशार तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पैसा आवरला की तो कुठे जाऊ शकतो, याचं यापेक्षा मोठं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

🌼 *घरात काय झालं*

आता थोडं जड बोलायचंय.

सयाजीरावांचं दुसरं लग्न १८८५ च्या शेवटी झालं. देवासच्या गजराबाई, त्यांनाही चिमणाबाई हेच नाव मिळालं. त्या लग्नानंतर शिकल्या, सयाजीरावांनी त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे त्यांनी १९११ मध्ये स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पडदा सोडला, आणि १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. घरातल्या बाईला वाढू दिलं की ती कुठवर जाते, बघा.

पण मुलांचं तसं झालं नाही. मुलांना कशाची कमी नव्हती. उत्तम शिक्षक, ऑक्सफर्ड, हार्वर्डसारखी विद्यापीठं, खेळ, पैसा, नोकर. आणि तरीही त्यांच्या आयुष्यात दारू शिरली. थोरले फत्तेसिंगराव १९०८ मध्ये गेले, पंचविसाव्या वर्षी. शिवाजीराव १९१९ मध्ये गेले. जयसिंगराव १९२३ मध्ये गेले, परदेशात, बर्लिनला. तीन तरुण मुलं बापाच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटी गादीवर बसला तो नातू, प्रतापसिंहराव.

ज्या माणसाने स्वतःला एवढं घडवलं, लाखो परक्या मुलांना शाळेत बसवलं, त्याच्या घरात हे व्हावं. आम्ही यावर निवाडा द्यायला बसलेलो नाही. मुलांच्या दुःखाला आणि व्यसनाला अनेक कारणं असतात, आईबापच दोषी असतात असं नाही. ज्या घरांतून हे गेलंय त्यांना ते माहीत आहे, आणि अशी घरं आपल्या परिवारातही आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवायला ही गोष्ट नाही.

पण एक गोष्ट आम्हाला सारखी जाणवते. बारा वर्षांच्या गोपाळसोबत रोज कुणीतरी बसत होतं. जमनाबाई, माधवराव, इलियट, ही माणसं त्याच्या दिवसात होती. मुलांच्या वाट्याला बाप आला तो कामाच्या, आजारपणाच्या आणि प्रवासाच्या मधल्या वेळेत. शिस्त ही शेतासारखी किंवा फ्लॅटसारखी वारसाहक्काने नावावर करता येत नाही. फी भरूनही ती येत नाही. ती शेजारी बसून, रोज थोडी थोडी, एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाते. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. तंबाखूची पुडी, फोनवरचे पैशांचे खेळ, रात्री दोनपर्यंतचे व्हिडिओ, यांना कुठल्या चेकपोस्टवर अडवणार?

म्हणजे कामात यश मिळवायला स्वतःला आवरावं लागतं, हे अर्धं झालं. आवरून वाचवलेला वेळ कुणाला द्यायचा, हे उरलेलं अर्धं. सयाजीरावांच्या आयुष्यात पहिलं अर्धं लख्ख दिसतं, आणि दुसऱ्या अर्ध्याची किंमत किती असते तेही दिसतं.

🌼 *शेवटपर्यंत*

एवढे घाव सोसूनही ते कडू झाले नाहीत. १९३६ मध्ये राज्यकारभाराचा हीरक महोत्सव झाला तेव्हा खेड्यांच्या सुधारणेसाठी त्यांनी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. त्या काळचे एक कोटी! ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. कवळाण्याचं ते पोर त्रेसष्ट वर्षं बडोद्याचं होऊन राहिलं.

🌼 *या आठवड्यात घरी करायच्या गोष्टी*

मोठं काही नको. खालच्यातली *एकच* निवडा, आणि पुढच्या सत्संगापर्यंत तेवढीच करा.

१. *एक वही.* रोज रात्री तीन ओळी: आज काय पाहिलं, काय राहिलं, उद्याचं पहिलं काम कोणतं. शाळेची उरलेली वही चालेल.

२. *वीस मिनिटं वाचन.* पोथी, पुस्तक, अभ्यास, काहीही. वेळ ठरलेली हवी. पाळीवाल्यांनी आपल्या पाळीप्रमाणे ठरवावी, पण ठरवावी.

३. *दोन खाती.* धंदा किंवा शिवणकाम असेल तर त्याचे पैसे वेगळ्या डब्यात, घरचे वेगळ्या. महिनाभर मिसळायचे नाहीत.

४. *एक काम सोडून द्या.* जे आपणच केलं पाहिजे असं वाटतं त्यातलं एक काम घरातल्या दुसऱ्याकडे द्या. त्याने आपल्यापेक्षा वेगळं केलं तरी टोकायचं नाही.

५. *शेजारी बसणं.* मुलगा-मुलगी अभ्यास करत असताना रोज अर्धा तास आपणही तिथेच आपलं काहीतरी घेऊन बसायचं. फोन दुसऱ्या खोलीत. उपदेश करायचा नाही, नुसतं बसायचं.

आम्हाला विचाराल तर पाचवी आधी निवडा. नाईट पाळीमुळे ज्यांना रोज जमणार नाही, त्यांनी सुट्टीच्या दिवशी दुप्पट बसावं. आणि ज्यांची मुलं मोठी होऊन दूर गेलीत, किंवा ज्यांच्याशी बोलणं तुटलंय, त्यांनी आज एक फोन करावा. चौकशी नको, हिशेब नको, नुसती जेवलास का एवढी विचारपूस पुरे.

कुणाच्या घरात व्यसनाची अडचण असेल तर ती लाजेने झाकून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा, सत्संगातल्या वडीलधाऱ्या मंडळींना सांगा. सोबत यायला आपली माणसं आहेत. ग्रुपवर लिहायचं नसेल तर सेवेकऱ्यांना वैयक्तिक कळवा, ते आमच्याजवळच राहील.

पुढच्या सत्संगाला येताना आपली वही सोबत आणा. कुणी वाचून दाखवायची सक्ती नाही. कुणाचं किती झालं याची तुलनाही करायची नाही. बालसंस्कारच्या मुलांनी नकाशात कवळाणे, सोनगढ, अमरेली आणि बडोदे शोधून ठेवायचं, त्यावर छोटा खेळ घेणार आहोत.

सर्वांच्या घरात शांत झोप, स्वच्छ हिशेब आणि मुलांशी दोन घटका गप्पा असोत, हीच सद्गुरूचरणी प्रार्थना.

🙏 *जय सद्गुरू* 🙏

(संदेश आवडल्यास आपल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा. गावाकडच्या आजी-आजोबांना मात्र वाचून दाखवा.)